गुंडांच्या शहरात मी गाडी शिकले

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणाला धक्का बसायला नको. साठी ओलांडल्यावर मी गाड्या चोरल्या, दिव्याचे खांब पाडले, एक अख्खी बस समुद्रात घातली आणि पोलिसांच्या गोळ्या खाऊन इतक्या वेळा मेले की शेवटी शेवटी मरणाचं काही वाटेनासं झालं. हे सगळं भोपाळच्या अवधपुरी भागातल्या आमच्या बैठकीच्या खोलीत, दुपारी चार ते साडेपाच, चहा होईपर्यंत. गुंडांचा तो व्हिडिओ गेम आमच्या घरात कसा शिरला आणि त्यानं आमचं काय केलं, ते सांगते.

मी तशी त्या वाटेला जाणारी बाई नव्हे. माझे वडील नागपूरहून सरकारी दप्तराबरोबर भोपाळला आले. मी इथेच जन्मले, इथेच सरकारी कचेरीत चिकटले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. सायकलीच्या पुढे माझी कधी मजल गेली नाही. कचेरीला जाताना मिनीबस आणि बाकी सगळीकडे आमचे हे.

आमचे हे म्हणजे इन्स्पेक्टर. पोलिसातले नव्हेत हो. मोठ्या सरकारी कारखान्यात तयार झालेला माल तपासून ‘पास’ नाहीतर ‘रिजेक्ट’ म्हणायचं, ही यांची नोकरी. नोकरी संपली पण तपासणी काही संपली नाही. पानात पोळी पडली की आधी उलटून बघतात, मग तोडतात. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, मी पास की रिजेक्ट ते अजून कळलेलं नाही.

मागच्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी यांना काचबिंदू सांगितला. समोरचं स्वच्छ दिसतं, पण दोन्ही बाजूंच्या कडा गेल्या, आणि गेलेलं परत येत नाही. थेंब वेळेवर घाला, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर यांनी सवयीनं खिशातून किल्ली काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत खिशात टाकली. मग रिक्षाला हात केला. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाले, “हिचं पुढचं चाक वाकडं आहे.” आमची गाडी संध्याकाळी शेजाऱ्यांनी आणून दिली.

त्या दिवसापासून आमचं बाहेर जाणंच थांबलं. दर रविवारी सकाळी आम्ही शाहपुऱ्याच्या तलावावर जायचो, एक चक्कर मारायचो, पोहे-जिलेबी खायचो आणि भांडत घरी यायचो. तेही बंद. टॅक्सी बोलावू म्हटलं तर म्हणायचे, “फिरायला जायचं आणि तेही दुसऱ्याच्या मर्जीनं? नको.” फक्त रोज संध्याकाळी खाली जायचे, उभ्या गाडीत बसायचे, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे आणि वर यायचे. का, तर म्हणे बॅटरी उतरते. एकदा मी गॅलरीतून बघितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर, आणि गाडी जागच्या जागी.  बॅटरीसाठी कोणी हात स्टिअरिंगवर ठेवून बसत नाही, एवढं मलाही कळतं.

आणि एक दिवस जेवताना जाहीर केलं, “गाडी विकायची. उभी गाडी सडते.” कारखान्यातल्या एका जुन्या मित्राच्या जावयाला हवी होती म्हणे.

मी म्हटलं, “विकायची नाही. मी शिकते.”

“तू?”

एवढंच. पण त्या एका अक्षरात छत्तीस वर्षं होती. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की भात तसाच राहिला. “दसऱ्यापर्यंत शिकते. नाही जमलं तर खुशाल विका,” मी म्हटलं. हे “बरं” म्हणाले आणि ताक प्यायले.

लर्निंग लायसन्स काढलं, मागे-पुढे लाल ‘एल’ चिकटवला. पहिले तीन दिवस यांनीच शिकवलं. शिकवलं कसलं, डोंबल! शेजारी बसून आपल्या बाजूला नसलेला ब्रेक पायानं दाबत राहायचे. “क्लच! अगं क्लच! पायपुसणं आहे का ते?” तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या टाउनशिपमधल्या रस्त्यावर मी गाडी बंद केली, दार उघडलं, उतरले आणि मिनीबस पकडून घरी आले. अर्ध्या तासानं लक्षात आलं की ज्यांना गाडी चालवायची मनाई, त्यांनाच मी गाडीत ठेवून आले होते. पुन्हा शेजारी धावले. त्या भल्या माणसाला त्या वर्षी दिवाळीचा फराळ मी दोन डबे जास्त पाठवला.

मग ड्रायव्हिंग स्कूल. तिथल्या मास्तरांच्या पायाशी खरोखरचा वेगळा ब्रेक आणि क्लच. “मैडम, आप टेंशन मत लो, सब मैं कर रा हूँ,” असं म्हणत ते फोनवर कोणाशी तरी प्लॉटच्या गोष्टी करायचे. पंधरा दिवसांत हातापायांना गाडी कळली, पण छातीतली धडधड जाईना. समोरून स्कूटर दिसली की मी डोळे मिटायचे. डोळे मिटून गाडी चालवणं यांच्या डोळ्यांपेक्षाही वाईट, हे मला कळत होतं.

गणपतीला मुलगी पुण्याहून आली. तिनं माझी रडकथा ऐकली आणि जुन्या खोक्यातून आपला कॉलेजातला गेम काढला. टीव्हीला जोडला, टेबलाला खेळण्यातलं स्टिअरिंग आवळलं, खाली पायाशी दोन पेडल ठेवले. “आई, तुला गाडी येते. तुझी भीती जात नाही. आधी इथे मनसोक्त धडक.”

“आणि हा टकला कोण?”

“ती तू. तू गुंड आहेस.”

“सभ्य माणसाचा गेम नाही का गं?”

“आहेत ना. पण त्यात नुसती गोल गोल शर्यत. अख्खं शहर, गर्दी, सिग्नल, पाऊस हे सगळं यातच मिळेल. कुठेही जा, कोणी अडवत नाही.”

विसर्जन झालं, मुलगी पुण्याला गेली, आणि मी गुंड म्हणून रुजू झाले. पडद्यावर माझी गाडी मागून दिसायची, जणू आपण तिच्या पाठोपाठ चालतोय. पहिल्या दिवशी मी लाल सिग्नलला थांबले. कुठल्याच गुंडानं त्या शहरात आजवर सिग्नल पाळला नसावा, कारण मागे जी रांग लागली आणि जे हॉर्न वाजले! पण मी हलले नाही. हिरवा झाल्यावरच निघाले. गाडी चोरायला लागायची, कारण त्याशिवाय तिथे गाडीच मिळत नाही. मग मी चक्कर झाली की ती परत जिथून घेतली तिथे नेऊन लावायचे. मालक तोवर तिथे नसायचा, तो भाग वेगळा.

आमच्या टोळीचा एक म्होरक्या होता. त्याला मी साहेब म्हणायचे. साहेबांचा सारखा फोन. अमक्याचा पाठलाग कर, तमक्याला धडा शिकव. एकदा म्हटलं जाऊन तर बघू. काळ्या गाडीच्या मागे जायचं होतं. मध्ये सिग्नल लागला, मी थांबले, काळी गाडी गेली आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत काम फसल्याचं आलं. साहेब फोनवर वाट्टेल ते बोलले. तेहतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर असा शेरा नव्हता हो! मी टीव्हीला म्हटलं, “नियम पाळला म्हणून ओरडा खायची सवय आहे मला. ओरडा.”

आणि पोलीस! गाडी मागे घेताना त्यांच्या गाडीला जरासं घासलं. मी आपली शहाण्यासारखी बाजूला थांबले की आता कागद विचारतील. त्यांनी कागद विचारलेच नाहीत, सरळ गोळ्या घातल्या. पुढच्या क्षणाला मी दवाखान्याच्या दारात ठणठणीत उभी. ना केसपेपर, ना रांग, ना “लंच के बाद आना”. मी म्हटलं, मरायचं तर याच शहरात.

आमचे हे तेव्हा मागे आरामखुर्चीत पेपर वाचत असायचे. म्हणजे पेपर धरलेला असायचा. चौथ्या दिवशी पेपर उलटा होता. पाचव्या दिवशी खुर्ची सोफ्याशेजारी आली. समोरचं यांना स्वच्छ दिसायचं आणि टीव्ही तर समोरच. सहाव्या दिवशी यांनी कपाटातून कारखान्यातली जुनी डायरी काढली, पट्टीनं मधोमध रेघ मारली, डावीकडे लिहिलं ‘गुण’, उजवीकडे ‘दोष’.

“हे काय?”

“बिनतपासणीचा माल घरात चालत नाही.”

दोषांची बाजू भराभर भरली. क्लच नाही. पेट्रोल संपत नाही. गाडी पुलावरून खाली पडली तरी चाकं सरळ. “न वाकणारी चाकं म्हणजे खोटा माल, आम्ही गेटवरूनच परत पाठवला असता,” हे म्हणाले. इंडिकेटर दिला जात नाही. हा माझ्यावर टोमणा होता. मी म्हटलं, बटणच नाही तर देऊ कुठून? शहरात हजार इमारती, पण जवळजवळ सगळी दारं नुसती रंगवलेली, उघडतच नाहीत. “हे म्हणजे दाखवायला शहर,” हे म्हणाले, “आत सगळं पोकळ.”

पण गुणाच्या बाजूला लिहिताना यांचा हात संथ चालायचा. तीन दिवस तिथे काहीच नव्हतं. मग एकदा गेममध्ये पाऊस आला, रस्ता ओला झाला आणि वळणावर माझी गाडी घसरली. यांनी पेन्सिल खाली ठेवली. “परत वळ,” म्हणाले. परत घसरली. “वा,” म्हणाले. माझ्या स्वयंपाकाला हा शब्द मी वर्षातून एकदा ऐकते. मग डोळे मिटून नुसता आवाज ऐकायला लागले. ट्रकचा वेगळा, छोट्या गाडीचा वेगळा, जुनाट गाडीच्या इंजिनात बारीकशी खडखड. “हा आवाज ज्यानं केला, त्यानं इंजिनाला कान लावलेला आहे,” असं म्हणून यांनी ‘गुण’च्या खाली पहिला आकडा घातला.

माझी मतं यांच्याहून वेगळी होती आणि मी ती लिहायला लावली. गेमचा सगळ्यात मोठा गुण असा की आपण उगाच भटकू शकतो. माझं अख्खं आयुष्य घर ते कचेरी आणि कचेरी ते घर असं गेलं. वाटेत मध्येच उतरून एखादी गल्ली कुठे जाते ते बघावं, असं मनात यायचं, पण उतरायला मिनीबस माझ्या बापाची नव्हती. इथे मी एका दुपारी गाडी टेकडीवर नेली, इंजिन बंद केलं आणि खाली समुद्रात सूर्य बुडताना बघत बसले. गॅसवर चहाचं आधण आटलं, तरी उठले नाही. खोटा सूर्य, खोटा समुद्र, सगळं कबूल, पण मला फार बरं वाटलं.

आणि सगळ्यात मोठा दोषही तिथेच. नुसतं फिरायचं तर शहर तुमचं. साहेबांचं काम हातात घेतलं की संपलं. याच गल्लीनं जा, एवढ्याच मिनिटांत जा, दोन पावलं बाजूला टाकलीत की काम रद्द. मोकळं शहर म्हणून बोलावलं आणि आत आल्यावर फाइल हातात दिली! बायकांचं तर विचारूच नका. एक तर रडणाऱ्या, नाहीतर कपडे आखूड पडलेल्या. एवढ्या मोठ्या शहरात एक भाजीवाली नाही. मग ही माणसं खातात काय, गोळ्या?

एका गोष्टीवरून मात्र आमचं खरं भांडण झालं. कोपऱ्यावर एक म्हातारी संत्र्यांची पिशवी घेऊन चालायची. एकदा माझी गाडी तिच्या अंगावर गेली. ती पडली, संत्री रस्त्यावर गडगडली. मी गेम बंद केला आणि त्या संध्याकाळी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी लावून बघितलं तर तीच म्हातारी, तोच कोपरा, पिशवी भरलेली. आधी जीव भांड्यात पडला. मग राग आला. हे बरं नव्हे. माणसाला धक्का दिल्याचं काहीतरी मागे उरायला हवं. इथे पोलीससुद्धा पाच मिनिटं गल्लीत लपलं की सगळं विसरतात. मी म्हटलं, “दोषात लिहा.” हे म्हणाले, “पण त्यामुळेच तुझी भीती गेली ना? मग गुण.” खरं होतं तेही. आता समोरून गाडी आली तरी माझे डोळे मिटत नव्हते. बराच वेळ वाद झाला आणि शेवटी यांनी ते बरोबर मधल्या रेघेवर लिहिलं. इन्स्पेक्टरच्या डायरीत असं मी पहिल्यांदाच बघितलं.

त्यानंतर एक नवीनच सुरू झालं. चार वाजायच्या आधी हे तोंड धुवायचे, भांग पाडायचे, धुतलेला शर्ट घालायचे आणि सोफ्यावर माझ्या शेजारी येऊन बसायचे. “आज बंदराकडून घे,” म्हणायचे. “कालच्या त्या पुलावरून चल, खालून बोटी दिसतात.” साहेबांचा फोन आला की मी तोडायचे, आम्ही फिरायला निघालोय, नंतर बघू. ज्या माणसानं खऱ्या शहरात पाऊल टाकणं सोडलं होतं, तो रोज दुपारी माझ्याबरोबर गुंडांच्या शहरात फिरायला यायचा. मला हसूही यायचं आणि रडूही. एकदा तर म्हणाले, “पाण्याची बाटली घेतलीस का?” मग स्वतःच ओशाळले.

खंडेनवमीला यांनी दरवर्षीप्रमाणे पाटावर आपली हत्यारं मांडली. माप घ्यायचा व्हर्निअर, पाने, पक्कड, माझं कचेरीतलं पेन, गाडीची किल्ली. आणि या वर्षी मधोमध ते खेळण्यातलं स्टिअरिंग. त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. मी हात जोडत होते तेवढ्यात फोन वाजला. मित्राचा जावई. रविवारी अकरा वाजता गाडी न्यायला येतो म्हणाला. यांनी “आओ भाई” म्हणून फोन ठेवला आणि किल्लीवरचं हळदकुंकू उगाच पुसत बसले.

“दसऱ्यापर्यंत म्हणाली होतीस,” मला म्हणाले.

“मग घ्या परीक्षा!”

“घेतो. रविवारी सकाळी सात वाजता अंतिम तपासणी. इथून शाहपुऱ्याचा तलाव.” मग यांनी नियम सांगितला. कारखान्यात अंतिम तपासणीच्या वेळी इन्स्पेक्टर बोलत नाही. त्यानं सूचना दिली की ती मदत झाली, आणि मदत घेऊन पास झालेला माल पास नसतो. “निघाल्यापासून पोहोचेपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघावा लागला, तर तपासणी रद्द. गाडी त्याची.”

मी मनात म्हटलं, तुम्ही आणि गप्प? गेली म्हणायची गाडी.

रविवारी सातला निघालो. यांच्या मांडीवर डायरी, हातात पेन्सिल. अवधपुरीतून टाउनशिपच्या झाडांखालून छान आले. क्लच सुटला नाही, गाडी बंद पडली नाही. एका कुत्र्याला वाट दिली. हे गप्प. गर्दी टाळायला यांनी आदल्या दिवशीच लांबचा रस्ता ठरवून दिला होता, गोविंदपुऱ्यातून. रविवारी तिथले कारखाने बंद, रस्ते ओस. त्या दुभाजकाच्या रस्त्याला उजवीकडे वळले आणि काय सांगू, इतकी मोकळी वाट की माझे खांदे पहिल्यांदा सैल झाले. पुढे एक दूधवाला मोटारसायकलवर चालला होता, त्याच्या मागोमाग मीही निघाले. वाटलं, जमलं गं बाई!

तेवढ्यात समोरून लोखंडी पाइप लादलेला ट्रक आला. दिवे मिचकावतोय, हॉर्न वाजवतोय. दूधवाला शिताफीनं बाजूनं निसटला. मी भडकले. “बघा, बघा कसे येतात मेले उलट्या बाजूनं! लायसन देतं कोण यांना?”

हे गप्प.

मी ब्रेक दाबला. पूर्ण. ट्रकवाल्यानंही दाबला. दोन गाड्यांच्या नाकांमध्ये एक म्हैस आडवी मावेल एवढी जागा उरली. ट्रकवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला. “ओ अम्मा! कां घुसी आ रई हो? रॉन्ग साइड हो आप!”

मी डावीकडे बघितलं. दुभाजक माझ्या डावीकडे होता. अन् मग डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या गुंडांच्या शहरात, कुठल्या परदेशात आहे कोण जाणे, सगळ्या गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालायच्या. महिनाभर मी त्यांच्या मागोमाग उजवीकडून चालवली होती. डोक्याला डावी बाजू ठाऊक होती, हातांना उजवी. रस्त्यावर गर्दी असती तर तिच्यामागे नीट गेले असते. रस्ता रिकामा मिळाला आणि हातांनी आपलं शिकलेलं केलं. आणि यांची ती पानभर तपासणी! क्लच, पेट्रोल, चाकं, दारं सगळं तपासलं. गाड्या कोणत्या बाजूनं चालतात ते लिहायचं राहिलं. माल तपासणारा माणूस, रस्त्याकडे कशाला बघेल!

हसू यायला हवं होतं. पण मी यांच्याकडे बघितलं. हे समोर बघत बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले, ओठ घट्ट, कपाळावर घाम.

“अहो,” मी म्हटलं, “तुम्हाला ट्रक दिसला नाही?”

उत्तर नाही.

“अहो! समोरचंसुद्धा दिसत नाही का आता? केव्हापासून? मला सांगितलं का नाहीत?”  मला ट्रक दिसेना, रस्ता दिसेना. मला दिसत होत्या थेंबांच्या बाटल्या, दवाखाना आणि यांचा हात धरून चालणारी मी.

यांनी मांडीखालून हात काढला. डायरी उघडली. पेन्सिलीनं लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

‘दिसला. तू वळलीस तेव्हाच दिसला.’

“मग बोलला का नाहीत?”

पुन्हा पेन्सिल. 

‘गाडी गेली असती.’

छत्तीस वर्षं पोळीची काळी कडासुद्धा न सोडणारा हा माणूस समोरून ट्रक येताना गप्प बसला होता. विकायची, विकायची असा धोशा लावला होता यांनीच, आणि गाडी राहावी असं माझ्याहूनही जास्त यांनाच वाटत होतं. मला इतका राग आला आणि इतकी माया आली की मी स्टिअरिंगवरच हात आपटला. हॉर्न वाजला. ट्रकवाला म्हणाला, “मेरे पे कायको बजा रई हो?”

“आणि जीव गेला असता तर?” मी ओरडले.

यांनी पान उलटलं. मग लिहिलं, ‘तू थांबतेस. रोज बघतो.’

ट्रकवाल्यानं खाली उतरून हातवारे करत मला मागे घ्यायला लावलं, दुभाजकाच्या फटीतून पलीकडे काढून दिलं आणि जाता जाता यांना म्हणाला, “खां, अम्मा के साथ बैठे हो, कुछ तो बोला करो!” यांनी त्यालाही नुसती मान हलवली. मी डोळे पदरानं पुसले आणि गाडी डावीकडून, अगदी डावीकडून, शाहपुऱ्यापर्यंत नेली.

तलावाशी गाडी लावली, वाकडी का होईना. हे उतरले, बाजूला उभे राहून फोन लावला आणि घसा खाकरला. बराच वेळ बंद असलेला आवाज एकदम मोठा निघाला. “हाँ भाई, मत आना. गाड़ी नहीं दे सकते. नहीं नहीं, गाड़ी अच्छी है. मिसेस को रोज़ लगती है.”

फोन खिशात टाकला. तलावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“उद्या कुठे जायचं?” म्हणाले.

 मी दाराला टेकून उभी राहिले. म्हटलं, “सांगते. आधी चहा पाजा.”